एका तासाची शेठाणी

९ ऑगस्ट २०२५, शनिवार

दिशा,

वर ‘चि.’ लिहायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही, म्हणून नुसतं दिशा.

तुझ्या लग्नाच्या रात्री मी म्हटलं होतं, या मुलीशी पुन्हा बोलले तर नावाची नीराबाई नाही. ते मी पाळलंय. तीन वर्षं झाली. पण लिहिणार नाही असं मी कुठेच म्हटलेलं नव्हतं. सातवीपर्यंत माझं अक्षर वर्गात पहिलं होतं आणि आमचे गुरुजी सांगायचे, बोला तुमच्या घरचं, पण कागदावर शुद्ध लिहा. तेव्हा शुद्ध लिहिते. याचा अर्थ माझा राग गेला असा घेऊ नकोस.

कामापुरतं लिहिते. तुझ्या तिकडच्या सरकारने आपल्या कोळंबीवर पंचवीस टक्के लावलेत आणि महिनाअखेर आणखी पंचवीस लावणार आहेत. आमच्या शेडचा सुपरवायझर दिनानाथ सगळ्या बायकांना उभं करून म्हणाला, “अमेरिकेत आपली कोळंबी महाग झाली, म्हणून इथं सोलाई स्वस्त करावी लागंल.” मी म्हटलं, दिनानाथ, सोलताना काटा कमी टोचणार आहे का? तर म्हणतो, “नीराबाय, तुला ग्लोबल न्हाय समजायचं.” ग्लोबल म्हणजे काय ते त्यालाही समजत नाही. त्याने ते मुंबईच्या शेठच्या तोंडून ऐकलंय.

सध्या किलोला अठरा रुपये आहेत. माझ्याबरोबर आणखी बावीस बायका. आम्ही सोललेली कोळंबी बर्फात घालून तळोज्याला कारखान्यात जाते आणि तिथून थेट तुझ्या देशात. म्हणजे तू तिकडे बाजारात जाशील तर पिशवीतली कोळंबी माझ्या हातची असेल, आणि तुला कळायचंही नाही.

तू तिथे तीन वर्षं टॅक्स भरतेस. म्हणजे तुझा शब्द कुठेतरी चालत असणार. तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा जे काय असेल तिथे जाऊन सांग की हे बरोबर नाही.

हे पत्र तुझ्या बाबांना सांगू नकोस. ते दर रविवारी गच्चीवर जाऊन तुझ्याशी बोलतात आणि खाली येऊन मला सांगतात, वारा खायला गेलो होतो. परवाच्या रविवारी भर पावसात छत्री घेऊन वारा खाल्ला. मीही काही विचारत नाही. फक्त अडचण अशी आहे की तुझा पत्ता त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही, आणि मी मागणार नाही. शोधते.

नीराबाई


२८ ऑगस्ट, गुरुवार

दिशा,

काल दुपारी बाप्पा आले आणि कालपासूनच पन्नास टक्के लागले. दोघांचं एकाच दिवशी आगमन.

येसाजीला तू ओळखतेस, बर्फाच्या कारखान्यासमोर राहतो तो. त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचंय. त्याने नाक्यावर बॅनर लावलाय, ‘कोळंबी वाचवा’, आणि खाली स्वतःचा हात जोडलेला फोटो. वर कोळंबी म्हणून जे चित्र छापलंय ती शेवंड आहे, तुझ्या तिकडचा लॉब्स्टर. अख्खा कोळीवाडा हसतोय. मी त्याला सांगितलं तर म्हणाला, “काकी, मोठी दिसाया पायजे ना लांबून.” आरतीच्या वेळी त्याने जाहीर केलं की अमेरिकेशी मी स्वतः बोलतो. त्याच्या बायकोशी बोलायला तो दोन दिवस तयारी करतो.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. काल रात्री विहीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, “नीराताई, टीव्हीवर बघितलं. तुमचं किती नुकसान झालं असेल हो. तुमचे कंटेनर अडकलेत का?”

माझे कंटेनर.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. चिंचवडला साखरपुड्याच्या हॉलमध्ये प्रणयच्या मामींनी विचारलं, मुलीची आई काय करते. मी तुझ्या मागेच उभी होते. तू म्हणालीस, “आई सीफूड एक्स्पोर्टमध्ये आहे.” लग्नाच्या रात्री मी तुला विचारलं, तर म्हणालीस, यात खोटं कुठे आहे? खरंच आहे, कोळंबी एक्स्पोर्ट होते आणि ती मी सोलते. तसं बघितलं तर पालीला देवळाबाहेर चपला सांभाळणारा माणूसही देवस्थानात आहे. एकोणीस वर्षं ज्या बोटांनी सोलून तुला इंजिनियर केलं, त्या बोटांची तुला लाज वाटली. माझं तेच दुखलं, ते आजही दुखतं.

आणि तरी काल फोनवर मी काय बोलले ते ऐक. मी म्हटलं, “हो ना विहीणबाई, दोन अडकलेत.”

तोंडातून निघून गेलं. त्या म्हणाल्या, “आणि भावोजींची जहाजं?” तुझ्या बाबांची एक होडी, तिचं इंजिन गणपतीच्या आदल्या दिवशी बंद पडलं. मी म्हटलं, “एक दुरुस्तीला आहे.” हे मात्र खरं होतं.

मी असं का केलं ते मला विचारू नकोस.

नीराबाई


४ सप्टेंबर

दिशा,

पत्ता मिळाला. माळ्यावर गौरीचे डबे परत ठेवायला चढले तर मागे एक खोका, त्यावर इंग्रजीत तुझं नाव आणि पत्ता. आत चॉकलेटचे रिकामे कागद. तुझ्या बाबांना साखर आहे हे तुला माहीत आहे ना? कागद नीट घडी करून ठेवलेत, टाकवले नाहीत त्यांच्याने.

दोन्ही पत्रं पाकिटात घालून पोस्टात गेले. काउंटरवर आपला गणराज. त्याने पत्ता वाचला, पाकीट परत सरकवलं आणि म्हणाला, “काकी, अमेरिकेचं टपाल बंद हाय.” मी म्हटलं, संप आहे का? तर म्हणतो, “न्हाय, टॅरिफमुळं. तिकडनं नियम बदललं, इकडनं घेऊ नका असा हुकूम आलाय.” मी म्हटलं, अरे, यात कोळंबी नाही, कागद आहे. तो म्हणाला, कागदपण बंद. मी विचारलं, आईच्या पत्रावर किती टक्के लावलेत? बिचारा हसला आणि म्हणाला, चालू झालं की मी घरी येऊन सांगतो.

तेव्हा हे पत्रही आता पेटीतच जाणार, हिरव्या लुगड्याच्या घडीत. कुणी वाचणार नाही म्हटल्यावर लिहायला बरं वाटतंय.

सोमवारपासून दिनानाथने बारा केले. अठराचे सरळ बारा. आम्ही बायका ओरडलो, तर म्हणाला, परवडत नसेल तर घरी बसा, म्हसळ्याकडून गाडी भरून बायका आणतो. सखुबाई, तीच गो, आमच्यात सगळ्यात जुनी, तिने फक्त पदर खोचला आणि पाटावर जाऊन बसली. तिच्या घरी खाणारी पाच तोंडं आहेत. बाकीच्या तिच्या मागोमाग बसल्या. मीही बसले.

आणि आज विहीणबाईंचा पुन्हा फोन. १३ तारखेला त्या नागावला घरगुती राहायच्या ठिकाणी येतायत, टेलिफोन खात्यातल्या जुन्या मैत्रिणींबरोबर. म्हणाल्या, “तुम्ही अशा संकटात, मी भेटल्याशिवाय कशी जाईन? आणि तुमची फॅक्टरी बघायची माझी फार इच्छा आहे.”

ही बाई साधी नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तीस वर्षं युनियनची सेक्रेटरी. तुझ्या लग्नात हॉलवाल्याशी दोन तास भांडून तिने सगळे पंखे चालू करून घेतले आणि वर भाड्यातून पैसे कापले.

नऊ दिवस आहेत. खरं सांगावं तर तुझी सासरी मान खाली जाते. नाही सांगावं तर माझी माझ्याच बायकांसमोर जाते. सांग मी काय करू. म्हणजे सांगू नकोस, तुला कुठे कळणार आहे.

आई


१४ सप्टेंबर, रविवार

दिशा,

झालं ते सगळं लिहिते. तुझे बाबा गच्चीवर आहेत, तोवर मला वेळ आहे.

शनिवारी दुपारी दिनानाथ अलिबागला बँकेत जातो, तीन तास शेडवर कुणी नसतं. म्हणून मी विहीणबाईंना दोनची वेळ दिली. आदल्या दिवशी बायकांना गोळा केलं आणि सगळं खरं सांगितलं. हॉलमधलं, तुझं, माझं, कंटेनरचं. म्हटलं, बायांनो, एक तास मला शेठाणी म्हणा, माझ्या पोरीच्या अब्रूचा प्रश्न आहे. वाटलं होतं शिव्या देतील. सखुबाई म्हणाली, “म्हनू की. पन चा आन वडापाव शेठाणीच्या खर्चानं.” सव्वीस वडापाव लागले, चौघींनी दोन-दोन खाल्ले.

मी विहीणबाईंनीच मानपानात दिलेली जांभळी सिल्कची साडी नेसले आणि दिनानाथच्या खुर्चीत पंख्याखाली बसले. एकोणीस वर्षांत त्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसले. तिचा एक पाय डुगडुगतो, म्हणून तो तसा तिरका बसतो हे काल कळलं.

विहीणबाई आल्या. टोपी, गॉगल, पायात बूट. सगळीकडे हिंडल्या, बर्फाच्या पेट्या बघितल्या, नाकाला रुमाल लावला नाही हे सांगते. मला वाटलं, दहा मिनिटांत चहा पाजून बाहेर काढीन. तेवढ्यात सखुबाईने पाटावरून हाक मारली, “शेठाणी, बाराचे अठरा कधी करता?”

हे ठरलेलं नव्हतं. मी डोळे वटारले. ती आणखी गोड आवाजात म्हणाली, “गरिबावर डोलं काय वटारता, शेठाणी?”

विहीणबाई थांबल्या. गॉगल काढला. “बाराचे अठरा म्हणजे काय?”

मग काय विचारतेस. बावीसच्या बावीस सुटल्या. कुणी म्हणाली, शेठाणी हातमोजे देत नाही. कुणी म्हणाली, लघवीला गेलो तर घड्याळ बघते. एक म्हणाली, “पंखा एकच, तो बी तिच्याच डोक्यावर.” हे सगळं दिनानाथबद्दल खरं आहे, मी स्वतः त्यांच्याबरोबर रोज हेच बोलते. पण ऐकत होते मी, आणि त्या बघत होत्या माझ्याकडे, आणि गालातल्या गालात हसत होत्या मेल्या.

विहीणबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “नीराताई, तुम्ही या बायकांचे किलोमागे सहा रुपये कापलेत?”

मी म्हटलं, “अहो, अमेरिकेने पन्नास टक्के...”

“अमेरिकेने लावले तर अमेरिकेशी भांडा. यांच्या बोटांवर का लावता?”

दिशा, हेच मी महिनाभर दिनानाथला सांगते आहे, फक्त इतकं चांगलं मला मांडता आलं नव्हतं. आणि त्याला उत्तर काय द्यायचं? माझ्या तोंडून दिनानाथची एकेक वाक्यं बाहेर पडायला लागली. ऑर्डर नाही. मार्केट डाऊन आहे. परवडत नसेल तर. तुम्हाला ग्लोबल समजायचं नाही. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेल्या बाईला मी सांगतेय, तुम्हाला ग्लोबल समजायचं नाही. मला माझीच इतकी चीड आली की वाटलं उठून स्वतःच्या थोबाडीत द्यावी.

विहीणबाईंचा चेहरा लाल झाला. म्हणाल्या, “एक काम करा. बसा खाली. एक किलो कोळंबी स्वतः सोलून दाखवा. मग सांगा बारा रुपये बरोबर आहेत का. मी घड्याळ लावते.”

सखुबाईने एक किलोची टोपली माझ्या पुढ्यात सरकवली.

मी साडी सावरून पाटावर बसले. डोक्यात एकच, सावकाश सोलायचं. शेठाणीसारखं. पहिल्या पाच-सहा मी दोन बोटांत लांब धरून सोलल्या, मध्येच ई म्हटलं, एक मुद्दाम तोडली. त्यानंतरचं मला सांगता यायचं नाही. तुला सायकल येते, तर येत नाही असं करून सायकल चालवून बघ. डोकं म्हणत होतं सावकाश, हात म्हणत होते बारा रुपये. डोकं, साल, शेपूट, दोरा. डोकं, साल, शेपूट, दोरा. मान वर केली तेव्हा टोपली रिकामी होती, साल एका बाजूला, कोळंबी एका बाजूला, आणि मी सवयीने पुढची टोपली ओढलेली होती.

“अकरा मिनिटं,” विहीणबाई म्हणाल्या.

त्या खाली बसल्या, ओल्या लादीवर, नवी पँट घालून. माझा हात हातात घेतला आणि बोटं उलटी करून पाहिली. नखांच्या कडा, काट्याची काळी टोचणं, अंगठ्यावरचा जुना व्रण. म्हणाल्या, “किती वर्षं?”

मी म्हटलं, “एकोणीस.”

मग मला रडू आलं. ते आलं आणि गेलं, फार वेळ नाही. मी म्हटलं, “विहीणबाई, पोरीला काही बोलू नका. ती खरं सांगत होती, मीच तिला तसं सांगायला लावलं. मला मोठेपणा पाहिजे होता.”

त्या म्हणाल्या, “नीराताई, युनियनमध्ये माझं आयुष्य गेलं. कोण कुणाला पाठीशी घालतंय ते मला बसल्या जागी कळतं.” आणि तेवढ्यात दारात दिनानाथची मोटरसायकल थांबली. बँकेला दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तो आत येऊन बघतो तर मी सिल्कमध्ये सोलतेय, बायका वडापाव खातायत, आणि टोपीवाली एक बाई लादीवरून उठून त्याच्याकडे येतेय. तिने पहिलंच विचारलं, “वजनाचा काटा शेवटचा कधी तपासला?”

दिनानाथने हात जोडले. म्हणाला, “मॅडम, आपण लेबर ऑफिसातून?”

विहीणबाई म्हणाल्या, “मी तीस वर्षं लेबरचंच काम केलंय.”

त्याने तिला आपली खुर्ची दिली. तिने ती डुगडुगणारी खुर्ची नाकारली आणि उभ्यानेच त्याला अर्धा तास सोलला. शेवटी त्याच्याच फोनवरून शेठला फोन लावला. मालाची मागणी खरंच कमी झाली आहे, ते तिनेही मान्य केलं, म्हणून अठरा नाही झाले. पंधरा झाले. हातमोजे झाले. दुसरा पंखा झाला, तो आमच्या डोक्यावर. म्हसळ्याच्या गाडीचं नाव कुणी काढलं नाही.

तो गेल्यावर मी म्हटलं, विहीणबाई, तुम्ही त्याला खोटं सांगितलंत. त्या म्हणाल्या, “खोटं कुठे आहे? लेबरचंच केलं ना?”

दिशा, हे शब्द मी आधी ऐकले होते. मी इतकी हसले की मला उचकी लागली, आणि सखुबाईला वाटलं मी पुन्हा रडतेय.

जाताना त्यांनी मला शब्द दिला की तुला काही सांगणार नाहीत. म्हणाल्या, “ते तुम्ही सांगा. तुमची मुलगी आहे.” सोबत पाव किलो सोललेली कोळंबी घेऊन गेल्या. शाकाहारी बाई. मैत्रिणींना देणार म्हणाल्या.

तुझे बाबा खाली उतरतायत. पावसाने कपाळ भिजलंय, म्हणजे वारा खाऊन झाला.

आई


१७ ऑक्टोबर

चि. सौ. दिशा,

सकाळी गणराज सायकलवरून आला आणि अंगणातूनच म्हणाला, “काकी, अमेरिका चालू झाली.” तुझ्या बाबांनी विचारलं, कसली अमेरिका? मी म्हटलं, तुम्ही जा, वारा खा.

तेव्हा पेटीतली चारही पत्रं आणि हे पाचवं एकाच पाकिटात घालते. पहिलं पत्र वाचून चिडू नकोस, ते मी चिडून लिहिलं होतं. ग्रामपंचायतीत जाऊ नकोस. विहीणबाईंनी सांगितलं की तुम्हाला तिथे मतदानही नाही, आणि उगाच तोंड उघडलं तर तुमच्याच पोटावर यायचं. गप्प राहून काम कर.

पन्नास टक्के अजून आहेत. येसाजीने अमेरिकेशी बोलणं केलेलं दिसत नाही, पण बॅनरवर शेवंडीच्या जागी आता खरी कोळंबी छापलीय, तेवढी सुधारणा. आमचे पंधरा चालू आहेत. दिनानाथ मला अजून अधूनमधून चुकून शेठाणी म्हणतो आणि मग जीभ चावतो.

एक गोष्ट राहिली. ती चारही पत्रांत लिहायची टाळली. शेडमध्ये बायका विचारतात, दिशा काय म्हणते, आणि मी गेली तीन वर्षं सांगत आलेय की रोज फोन येतो. काल काय जेवलीस तेही सांगते. गेल्या थंडीत तुला ताप आला होता, तो मीच आणला होता, कारण सखुबाईला संशय यायला लागला होता. तुला लाज वाटली म्हणून तू एकदा अर्धं खोटं बोललीस. मला लाज वाटली म्हणून मी तीन वर्षं पुरं बोलले. तुझ्यावर रागवायचा माझा हक्क कधीच संपला होता, मी तो ओढून ताणून वापरत होते.

तुला कुणी विचारलं आई काय करते, तर आता सांग. एक किलो कोळंबी अकरा मिनिटांत सोलते. सासूने घड्याळ लावून बघितलंय, साक्षीदार बावीस.

आणि शपथेचं असं आहे, बोलणार नाही असं मी म्हटलं होतं, ऐकणार नाही असं म्हटलं नव्हतं. पाकीट किती दिवसांत पोचेल ते गणराजलाही सांगता येत नाही. म्हणून येत्या रविवारपासून दर रविवारी मी तुझ्या बाबांच्या मागे गच्चीवर उभी राहणार आहे. ज्या रविवारी तू “आईला दे” म्हणशील, त्या रविवारी समजेन की टपाल पोचलं.

तुझी आई